अंगठ्याचं पीस

एका जंगलात एक नियम होता, मुलांनो. अंगठ्याचं पीस ठेवायचं नाही, आणि का ते विचारायचं नाही.

नियमाचे भाग दोन. पहिला भाग कधीमधी कुणी चोरून मोडत असे. दुसरा आजवर कुणीच मोडला नव्हता.

आता तुम्ही विचाराल, पक्ष्याला अंगठा कुठून आला. विचारा. तुम्ही त्या जंगलात राहत नाही, तेव्हा तुम्हाला चालतं. पक्ष्याचा पंख जिथे वाकतो ना, तिथे पुढच्या काठाला एक छोटं, ताठ पीस असतं. एरवी ते पंखाला चिकटून गप्प बसतं. पक्ष्याला हळू व्हायचं असलं, फांदीवर उतरायचं असलं, की तो ते वर उचलतो. मग त्या फटीतून वारा सरकतो आणि पंखाच्या पाठीवरून नीट वाहत राहतो. वेग कमी झाला तरी पंख हवेला धरून राहतो. ते पीस नसेल तर वेग उतरल्याबरोबर हवा हात सोडते, आणि पक्षी धोंड्यासारखा खाली येतो.

म्हणजे ते पीस थांबण्यासाठी असतं. आणि उंबरखोऱ्याच्या त्या जंगलात थांबण्याला भ्याडपणा म्हणत.

त्यालाही कारण होतं. जंगलात युद्ध चालू होतं. शत्रू होत्या घोरपडी. त्या नदीपलीकडून येत, कड्याला चिकटून वर चढत आणि घरट्यांतली अंडी खाऊन जात. युद्ध कधी सुरू झालं ते कुणाला आठवत नव्हतं. पण ते आपण जिंकत आहोत हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण रोज सकाळी तसं सांगितलं जाई.

सैन्य ससाण्यांचं. टोकदार पंख, आखूड मान, बाणासारखी उडी. सेनापती वेगाजीराव ससाणे. वय झालं होतं, पण छाती अजून वयाच्या पुढे होती. त्यांच्या शेपटीत कायम लव्हाळ्याची एक वाळकी काडी अडकलेली असे. तो मानाचा तुरा आहे, असं लोक म्हणत. सेनापतींनी तसं कधी म्हटलं नव्हतं. तसं नाही, असंही म्हटलं नव्हतं. त्यांचं बघून तरुण ससाणेही शेपटीत काड्या खोचायला लागले. लव्हाळं जंगलात उगवत नसे, म्हणून ते कुसळी गवतावर भागवत.

ससाणे थोडे आणि कडा मोठा. म्हणून घारींची भरती करायचं ठरलं. आता घारीचे पंख रुंद. टोकाची पिसं हाताच्या बोटांसारखी फाकलेली. ती वाऱ्यावर पंख पसरून सावकाश गिरक्या घेते. हे सैन्यात कसं चालणार? तेव्हा घारींनी ससाणे व्हावं, असा ठराव झाला. ठराव सोपा होता. घारीला नवं काही शिकवायचं नव्हतं. तिच्याकडे असलेलं तेवढं काढून घ्यायचं होतं.

या समारंभाला पीसदान म्हणत. कावळेशास्त्री मंत्र म्हणत, आणि घारीच्या पंखांची फाकलेली बोटं चोचीने कातरून पंखाला ससाण्याचा टोकदार घाट देत. मग शेवटी, सगळ्यांनी माना खाली घातल्यावर, अंगठ्याचं पीस उपटत. ससाण्यांचं ते आधीच उपटलेलं असे. जुन्या काळी थोर सेनापती वज्रनख यांचं अंगठ्याचं पीस लढाईत गेलं होतं, आणि त्याच दिवशी ते जिंकले होते. त्यामुळे पीस गेलं की जय होतो, हे सिद्धच होतं. वज्रनखांचा तो दिवस शेवटचा का ठरला, हे पोथीत नव्हतं.

आमची गोष्ट ज्या घारीची आहे, तिचं नाव केतकी. तिचं पीसदान व्हायचं होतं.

केतकी शिकलेली होती. उत्तरेच्या उंच कड्यावर गिधाडबाईंची शाळा होती, तिथे ती दोन हिवाळे वारा शिकून आली होती. जंगलात हे फारसं कुणाला आवडलं नव्हतं.

“मढ्यावर जगणाऱ्यांकडे काय शिकायचं असतं ते?” कावळेशास्त्री विचारत. ते स्वतः पिंडावर जगत.

गिधाडबाईंनी तिला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, “पंख आपटत सुटणं कुणालाही जमतं, पोरी. मी इथे थांबायला शिकवते.” आणि खरंच, दोन हिवाळ्यांनी केतकी वाऱ्याच्या तोंडाशी अशी थांबायला शिकली, की खालून बघणाऱ्याला वाटावं, हिला कुणीतरी आभाळात टांगून ठेवलंय.

घरी परतली तर आईच्या घरट्यात दोन नवी अंडी होती. आणि खालच्या फांदीवर तिचा दादा बसला होता. भार्गव. त्याचा डावा पंख कोपरातून लोंबत होता.

“दादा, हे काय?”

“शौर्य,” भार्गव म्हणाला.

“काय?”

“मला काय विचारतेस? मला तसंच सांगितलंय.”

झालं असं होतं, की कड्याच्या माथ्यावर एक मोठा खडक होता. फेरी संपवून आलेल्या प्रत्येक सैनिकाने त्या खडकावर, सगळ्यांच्या देखत उतरायचं, अशी प्रथा होती. ससाण्यांना ते कसंबसं जमे. म्हणजे तेही आपटत, पण छातीवर आपटत, आणि ससाण्याची छाती भक्कम. घारींना मात्र काही केल्या जमेना. वेग ठेवला तर खडक अंगावर येई. वेग सोडला तर पंख हवा सोडून देई. घारीमागून घार खडकावर येऊन आदळली. काही मेल्या. काही भार्गवसारख्या वाचल्या.

खरं सांगायचं, तर घोरपडींनी त्या युद्धात एकही सैनिक मारला नव्हता. सगळे खडकाने मारले.

हे ज्येष्ठांच्याही, म्हणजे सेनापती आणि सभेतल्या म्हाताऱ्या ससाण्यांच्याही लक्षात आलं होतं बरं का. ज्येष्ठ काही मूर्ख नव्हते. त्यांनी सभा घेतली, खोल विचार केला, आणि ठरवलं की खडक शत्रूला फितूर आहे. तेव्हापासून खडकाला रोज शिव्या देण्यात येत. एक तुकडी त्याला टोचा मारायला नेमली होती. जे सैनिक खडकावर आदळत, त्यांना खडकवीर म्हणत आणि सभेत पुढच्या फांदीवर बसवत.

“पुढच्या फांदीवर बसतोस म्हणे,” केतकी म्हणाली.

“बसतो कसला. उचलून ठेवतात.”

“दुखतं?”

“हवा बदलली की दुखतं. एरवी नुसता अभिमान वाटतो.” भार्गवने चोच फांदीला घासली. मग आई ऐकत नाही असं बघून हळू आवाजात म्हणाला, “केतू, मी घाबरलो नव्हतो गं. मला फक्त थांबता येईना. खडक दिसत होता, चांगला दिसत होता. मी अंगठा उचलायला गेलो. आणि अंगठाच नव्हता.”

केतकी आपल्या पंखाच्या वाकणाशी असलेलं ते छोटं पीस चोचीने नीट करत राहिली.

“उद्या तुझं पीसदान,” आई वरून म्हणाली. तिच्या आवाजात आनंद मावत नव्हता. “एक वीर घरात आहेच. आता दुसरा होईल. शेजारच्या घारीणबाई जळून खाक झाल्यात.”

“आई, दादाचा पंख मोडलाय.”

“म्हणून तर वीर म्हटलं. न मोडलेल्या पंखाला कोण विचारतं?”

“आणि ही अंडी? मागच्या खेपेची कुठे आहेत?”

मागच्या खेपेची अंडी गेली होती. त्याच्या आधीच्या खेपेचीही. सैन्याची फेरी रोज व्हायची, रोज घोषणा व्हायची, आणि अंडी रोज जायची. आईने पोटाखालची दोन अंडी जरा आणखी आत ओढली.

“सेनापती बघून घेतील,” ती म्हणाली. “ते मोठे आहेत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी फेरी निघाली. ती बघायला सगळं जंगल जमत असे. ससाणे माथ्यावरून सुटले, कड्याच्या अंगाने सूंऽऽ करून गेले, आणि तुम्ही पापणी लवेपर्यंत पलीकडे पोचले. पिलं ओरडली. आयांनी डोळे पुसले. फेरीचा म्होरक्या चंडवेग नावाचा तरुण ससाणा होता. देखणा, आणि शेपटीत एक सोडून दोन काड्या. तो खडकावर आदळला, पिसं झटकून उठला आणि सेनापतींसमोर वाकला.

“शत्रू?” वेगाजीरावांनी विचारलं.

“दिसला नाही.”

“शाब्बास.”

“आम्ही इतक्या वेगाने गेलो, सेनापती, की शत्रूच काय, कडासुद्धा दिसला नाही.”

जयजयकार झाला. वेगाजीरावांनी मान डोलावली. “आपला वेग वाढत चाललाय तसा शत्रू दिसेनासा होतोय,” ते सभेला म्हणाले. “पूर्वी, मी तरुण होतो तेव्हा, क्वचित एखादी घोरपड दिसायची. आता तीही नाही. यावरून काय ते समजा.”

सभेने काय ते समजून घेतलं.

केतकीनेही समजून घेतलं. पीसदान दुपारी होतं. पीस असेपर्यंत तिला फेरीत जायची परवानगी नव्हती. पण नुसतं उडायला परवानगी लागत नाही, निदान अजून लागत नव्हती. सगळे जयजयकारात आहेत असं बघून ती फांदीवरून सुटली.

ती कड्यासमोर गेली. खोऱ्यातून वारा वर चढत होता. तिने पंख पुरते पसरले, टोकाची बोटं फाकवली, अंगठा उचलला, आणि थांबली.

मग तिने बघायला सुरुवात केली.

आधी काहीच दिसलं नाही. कडा होता, कपारी होत्या, दगड होते. केतकी तिथेच राहिली. बघत राहिलं की नजर हळूहळू बसते, मुलांनो, पाणी निवळल्यावर तळ दिसावा तसं. आईच्या घरट्याखाली एक लांबट दगड होता. तो दगड काल तिथे नव्हता. केतकी त्याच्यावर आणखी थोडी खाली आली. दगडाची कूस वर आली. खाली गेली. पुन्हा वर आली.

दगड श्वास घेत होता.

त्याच्या शेजारी आणखी एक. त्या पलीकडे, उंबराच्या मुळाशी मूळ होऊन पडलेली तिसरी. मग केतकीला त्या सगळ्याच दिसायला लागल्या, कडाभर, नखं रोवून, डोळे मिटून, अगदी निवांत. फेरी आली की घोरपडी हलायच्या थांबत. फेरी गेली की पुढे सरकत. सूंऽऽ हा आवाज त्यांना आता इतका सवयीचा झाला होता, की त्यावर त्या चढाईचा ताल धरत.

“आई,” केतकी वरून म्हणाली. तिने आवाज चढवला नाही. “तुझ्या घरट्याखालचा दगड बघ.”

“कुठला?”

“मी ज्याच्या डोक्यावर आहे तो. माझी सावली बघ.”

तिची सावली घोरपडीवर पडली होती आणि तिथून हलत नव्हती. आईने मान वाकवून पाहिलं. सावलीतला दगड, आपण ओळखले गेलोय हे कळून, जीभ बाहेर काढत होता.

आईने आयुष्यात कधी युद्ध केलं नव्हतं. तिने फक्त खाली वाकून घोरपडीच्या नाकपुडीवर चोच हाणली. घोरपडीच्या नाकपुडीवर चोच बसली की नखं सुटतात, हे त्या दिवशी जंगलाला कळलं. घोरपड खाली गेली. जाताना तिने खालच्या दोघींना सोबत घेतलं.

केतकी पुढच्या घरट्यापाशी सरकली. तिथे सावली टाकून थांबली. “मावशी, खाली बघा.” मग त्याच्या पुढच्या. “काकू, मुळाशी आहे ती. डावीकडे. नाही, ते खरंच मूळ आहे, ते राहू द्या. त्याच्या शेजारी.” कडाभर आया चोची हाणत होत्या. घोरपडी दणादण नदीत पडत होत्या.

एवढ्यात माथ्यावरून चंडवेग सुटला. त्याला हुकूम झाला होता, की युद्धकाळात उघड्या आभाळात हळू उडणाऱ्या त्या पोरीला पकडून आणा.

चंडवेग बाणासारखा आला. केतकी जागच्या जागी होती. तो तिच्याजवळ पोचला आणि तिच्या पुढे निघून गेला. लांब जाऊन वळला, पुन्हा आला. केतकी किंचित कलली. तो पुन्हा पुढे निघून गेला.

“थांब,” तो जाता जाता ओरडला.

“मी थांबलेलीच आहे,” केतकी म्हणाली. “तूच जातोयस.”

तिसऱ्या वेळी त्याने तिच्याइतकं हळू व्हायचा प्रयत्न केला. वेग उतरला तशी हवेने त्याचा हात सोडला आणि तो फिरकी घेत खाली गेला. उंबराच्या शेंड्यात अडकला म्हणून वाचला. त्याच्या शेपटीतल्या दोन्ही काड्या पडल्या. तिथे बसल्या बसल्या त्याने पहिल्यांदाच कडा पाहिला, आणि कड्यावरच्या घोरपडी पाहिल्या. त्याचा चेहरा जरा वेळ अगदी लहान पिलासारखा झाला.

शेवटची घोरपड पाण्यात पडल्यावर केतकी उंच चढली. तिथून, वाऱ्यावर तरंगताना, तिला टेकडीमागची दलदल दिसली. तिथे बदकं राहत. चांगल्या घरचे पक्षी तिकडे जात नसत. केतकीने तिकडे सहज पाहिलं. मग पंख पसरून ती तिथेच थांबली, आणि बराच वेळ पाहत राहिली.

दुपारी सभा भरली. सभेची एक जुनी पद्धत होती. सगळे येण्याआधीच ज्येष्ठ आपापल्या फांदीवर बसलेले असत. त्यांना येताना कुणी कधी पाहिलं नव्हतं. हा त्यांचा वक्तशीरपणा, असं शाळेत शिकवत.

“आजचा विजय,” वेगाजीराव म्हणाले, “हा सैन्याचा आहे.”

आया एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यांच्या चोची अजून दुखत होत्या.

“चंडवेग तीन वेळा कड्यावरून गेला. त्याचा वेग बघून शत्रूची नखं सुटली. चंडवेग, पुढे ये.”

चंडवेग पुढे आला. “सेनापती,” तो म्हणाला, “मी खरं तर झाडात अडकलो होतो.”

“विनय,” कावळेशास्त्री सभेला समजावून म्हणाले.

“आता राहिली ही मुलगी,” वेगाजीराव म्हणाले. “युद्धकाळात हळू उडणं हा गुन्हा आहे. पण आम्ही काही जुनाट विचारांचे नाही. तरुणांच्या कल्पनांचं स्वागत आहे. हळू उडण्यात काहीतरी असावं, असं आम्हालाही वाटतं. तेव्हा आजपासून आम्ही मंदपथक स्थापन करत आहोत. केतकी त्याची प्रमुख.”

आईने पंखांनी टाळ्या वाजवल्या. भार्गव पुढच्या फांदीवर होता. त्याला नुकतंच उचलून ठेवलं होतं.

“पथकाने हळू उडायचं,” वेगाजीराव म्हणाले, “पण वेगात. सैन्याच्या शिस्तीप्रमाणे पंख टोकदार हवेत. आणि अंगठ्याचं पीस अर्थातच नको. शास्त्रीबुवा, मुहूर्त टळतोय.”

कावळेशास्त्री चोच पुसत पुढे झाले. “पंख पुढे कर, बाळ.”

“का?” केतकीने विचारलं.

सभेत कुठेतरी एक पिलू खोकलं.

“का म्हणजे?”

“का म्हणजे का.”

“अगं, का ते विचारायचं नाही, हाच तर नियम आहे.”

“तो दुसरा भाग झाला. मी पहिल्याबद्दल विचारतेय.”

“शिकून आली की असं होतं,” शास्त्री सभेकडे वळून म्हणाले. “आमच्या वेळी मुली पंख पुढे करायच्या आणि लाजायच्या.”

“शास्त्रीबुवा, तुमचं स्वतःचं अंगठ्याचं पीस कुठे आहे?”

“मी सैन्यात नाही,” शास्त्री घाईने म्हणाले आणि पंख घट्ट मिटून बसले.

वेगाजीरावांनी नख उचललं. सभा शांत झाली. ते मोठे होते, आणि मोठ्यांना शांत आवाजात बोलता येतं. “पोरी,” ते म्हणाले, “तुझ्या भावाने पीस दिलं. मी दिलं. वज्रनखांनी दिलं. तू कोण लागून गेलीस? देशासाठी एक पीस जड झालं तुला?”

सगळ्यांनी केतकीकडे पाहिलं. आईने तर असं पाहिलं, की केतकीला क्षणभर वाटलं, द्यावं आणि मोकळं व्हावं. एवढंसं तर पीस आहे. आई चार दिवस मान वर करून फिरेल. मग तिने भार्गवकडे पाहिलं. त्याने काही खुणावलं नाही. नुसता लोंबता पंख चांगल्या पंखाने आत ओढला, थंडी वाजल्यासारखा.

“दादाने दिलं, ते त्याला विचारता आलं नाही म्हणून,” केतकी म्हणाली. “त्याला खडक दिसत होता. त्याला थांबायचं होतं. तुम्ही त्याच्याकडून थांबणं काढून घेतलंत, आणि वर खडकाला शिव्या घातल्यात.”

“खडक फितूर आहे,” टोचा मारणाऱ्या तुकडीतलं कुणीतरी म्हणालं.

“बरं. मग सेनापती, तुम्ही उतरून दाखवा.”

“काय?”

“खडकावर. आम्हा सगळ्यांच्या देखत. तुम्हाला उतरताना जंगलात कुणी पाहिलेलं नाही. एक गिरकी घ्या आणि खडकावर या. तुम्ही नीट उतरलात, की मी दोन्ही पंखांची पिसं देते. मंत्रही मीच म्हणते.”

वेगाजीराव हसले. मोठ्यांना असं हसता येतं. “मी कुठे उतरतो, कसा उतरतो, हा तुझा विषय नाही.”

“नव्हता,” केतकी म्हणाली. “पण आज मी बराच वेळ वर होते. हळू होते, त्यामुळे पुष्कळ दिसलं. टेकडीमागे दलदल आहे. तिथे मऊ लव्हाळं आहे, उंच, दाट, पडलं तरी न लागणारं. त्याच्या मधोमध एक खोलगा पडलाय, छातीच्या आकाराचा. आणि तिथून या फांदीपर्यंत चिखलात पावलं उमटलीत. चालत आलेली. ससाण्याची.”

सगळ्यांच्या नजरा एकदमच सेनापतींच्या शेपटीकडे गेल्या. तिथे लव्हाळ्याची काडी होती. आज ती ओली होती.

“सेनापती, तुमच्यावर मी हसत नाहीये,” केतकी म्हणाली. “तुम्हालाही थांबता येत नाही, एवढंच. फक्त तुम्हाला मऊ जागा ठाऊक होती. दादाला ती कुणी सांगितली नाही.”

तिने पंख उघडला. कावळेशास्त्री सवयीने पुढे झाले. केतकीने अंगठ्याचं पीस सगळ्यांना दिसेल असं ताठ उभं केलं.

“मी हे देणार नाही,” ती म्हणाली. “आज नाही आणि मुहूर्त काढलात तरी नाही. कारण विचारायचं असेल तर विचारा. मला राग येत नाही.”

कुणी विचारलं नाही. शास्त्रींची उघडलेली चोच तशीच राहिली, मंत्राविना. उजवीकडच्या फांदीवरचे ज्येष्ठ डावीकडच्या ज्येष्ठांकडे बघत होते आणि डावीकडचे पायांकडे. पायांना चिखल होता. वेगाजीरावांनी काही बोलण्यासाठी छाती भरून घेतली, आणि ती तशीच हळूहळू रिकामी होऊ दिली. मग त्यांनी शेपूट फांदीमागे सरकवली.

तात्पर्य: मुलांनो, थोरांचं ऐकावं आणि नेहमी वेगात उडावं. हळू उडणाऱ्याला फार दिसतं. आणि दिसलेलं बोलून दाखवलं, की थोरांवर गप्प बसायची वेळ येते. इतक्या वर्षांत त्यांना त्याची सवय राहिलेली नसते.